६० हजारांत मिक्सिंगचा पहिला पीसी: पैसा आधी कुठं घालायचा

अंबाजोगाईजवळच्या एका गावातून एका तरुण मित्राचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "दादा, मी सप्त्यातली कीर्तनं शूट करून यूट्यूबला टाकतो. एका स्टुडिओत एडियस या सॉफ्टवेअरवर मिक्सिंग, म्हणजे व्हिडिओ एडिटिंग, शिकलो. कॅमेरा सोनी झेडव्ही-ई१० आहे. येत्या लगीनसराईत घरूनच कामं घ्यायची आहेत. मॉनिटर धरून ६० हजार रुपये आहेत. दुकानदारानं यादी दिली: आय५-१२४००एफ, एच६१० बोर्ड, ८ जीबी रॅम, जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड ४ जीबी, २५६ जीबी एसएसडी, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटसोबतच. घेऊ का? की त्याच पैशांत जुना झिऑन प्रोसेसरवाला पीसी मिळतोय तो घेऊ? पुढं दाविंची हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर शिकायचा विचार आहे."

ही यादी तशीच घेऊ नकोस. ज्या दोन गोष्टींवर तुझा धंदा उभा राहणार, म्हणजे धड वीज आणि फुटेजची दुसरी प्रत, त्या या यादीत नाहीतच. आणि प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं 'एफ' तुझ्या कामाच्या मुळावर येणारं आहे. तिथूनच सुरू करतो.

पार्ट निवडायचे ते कॅमेरा काय लिहितो ते बघून. तुझा कॅमेरा एच.२६४ या पद्धतीनं व्हिडिओ दाबून लिहितो, ८ बिट, ४:२:० (हे दोन आकडे रंग किती बारकाईनं नोंदवला ते सांगतात), आणि फोर-के घेतलं तर सेकंदाला जास्तीत जास्त १०० मेगाबिट. ही फाइल आकारानं लहान असते, पण उलगडायला अवघड असते. तिच्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. मधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि पुढच्या फ्रेममध्ये आधीच्यापेक्षा काय बदललं तेवढंच नोंदवलेलं असतं. नुसती प्ले केली तर चालून जाते. पण मिक्सिंग करताना आपण सारखे मागंपुढं जातो, मंगलाष्टकातला अक्षता पडायचा नेमका क्षण शोधतो. तेव्हा तेवढी एक फ्रेम दाखवायला कॉम्प्युटरला मागची पूर्ण फ्रेम गाठून तिथपासून सगळं उलगडत यावं लागतं. टाइमलाइनवर दोन-तीन कॅमेरे एकावर एक असले की हे काम तितक्या पट वाढतं. अडकत अडकत चालणारी टाइमलाइन म्हणतात ती इथून येते.

यावर उपाय म्हणून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये, आतल्या ग्राफिक्ससोबत, फक्त व्हिडिओ उलगडायला आणि गुंडाळायला वेगळा भाग दिलेला असतो. त्याला क्विक सिंक म्हणतात. एडियस तर कित्येक वर्षांपासून एच.२६४ साठी याच क्विक सिंकवर विसंबलेलं आहे. प्रीमियर हे एडिटिंग सॉफ्टवेअरही त्याचा चांगला वापर करतं. आणि 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स बंद केलेलं असतं, म्हणजे क्विक सिंकही गेलं. गेम खेळणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही, कारण तो मोठं कार्ड लावणारच असतो. तुझं मात्र सगळंच बिघडतं. दोन्हींच्या किमतीत फरक असतो तो मोजकाच. तेव्हा दुकानदाराला स्पष्ट सांग, आय५-१२४०० पाहिजे, एफ नको. बिलावर नाव वाचून घे आणि डबीवरही वाच.

१२४०० हा २०२२ च्या सुरुवातीला आलेला प्रोसेसर. सहा कोर, बारा थ्रेड. आज तो जुना वाटेल, पण पहिल्या पीसीला मला अजूनही तो पटतो. आय५-१२५०० जवळपासच्या भावात मिळाला तर तो आधी उचल. कोर तितकेच आहेत, पण आत यूएचडी ७७० ग्राफिक्स आहे आणि त्यात व्हिडिओचं काम करणारे दोन इंजिन आहेत. १२४०० च्या यूएचडी ७३० मध्ये एकच आहे. मल्टिकॅमला, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र मिक्स करताना, हा फरक जाणवतो. १३४०० आणि १४४०० मध्ये चार छोटे कोर जास्त मिळतात, ग्राफिक्स मात्र ७३० चंच. बजेट ताणून तिकडं जाण्यापेक्षा ते पैसे रॅममध्ये घाल.

एएमडी कंपनीचा रायझन प्रोसेसर वाईट नाही. दाविंची आणि मोठं कार्ड अशी जोडी असेल तर मी स्वतः रायझन ७६०० सुचवतो. पण तुझा हात एडियसवर बसलाय आणि कार्डाला पैसे नाहीत. रायझन ५६०० मध्ये तर आतलं ग्राफिक्सच नसतं. म्हणून तुझ्यासाठी इंटेल.

आणखी एक गोष्ट आत्ताच समजून घे, कारण दुसऱ्या सीझनला ती समोर येईलच. तू दुसऱ्यांचं मिक्सिंग घ्यायला लागलास की कोणी तरी १० बिट ४:२:२ फुटेज आणून देईल. नवे फुल-फ्रेम कॅमेरे सर्रास तसं शूट करतात. हे फुटेज एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ मध्ये असेल तर १२ व्या पिढीचं, म्हणजे तुझ्या १२४०० चं, क्विक सिंक ते उलगडतं. एनव्हिडियाच्या ३० आणि ४० मालिकेतल्या महागड्या कार्डांनाही ४:२:२ उलगडता येत नव्हतं. ती सोय २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेपासून मिळाली. पण तेच १० बिट ४:२:२ एच.२६४ मध्ये असेल, तर १२४०० चं क्विक सिंक मदतीला येत नाही आणि सगळा भार कोरवर पडतो. म्हणून काम घेतानाच कॅमेऱ्याचं सेटिंग विचारायची सवय लाव. असं फुटेज आलंच तर आधी प्रॉक्सी, म्हणजे मिक्सिंगपुरती हलकी प्रत, कर, किंवा एडियसच्या स्वतःच्या एचक्यूएक्स या फाइल प्रकारात बदलून घे. डिस्कवर जागा जास्त लागते, पण टाइमलाइन लोण्यासारखी चालते. मोबाइलचं फुटेज आलं तर वेगळी अडचण असते. मोबाइल बहुतेक वेळा फ्रेम रेट स्थिर ठेवत नाही, त्यामुळं लांब क्लिपमध्ये आवाज आणि ओठ हळूहळू सुटत जातात. शटर एन्कोडर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात स्थिर फ्रेम रेट करून मगच टाइमलाइनवर आण.

झिऑन नको. बारा-चौदा कोर ऐकून मोह होतो हे मला माहीत आहे. पण त्या जुन्या सर्व्हरच्या प्रोसेसरांत क्विक सिंक नसतं, एकेका कोरचा वेग कमी असतो आणि वीज भरपूर खातात. वर बोर्ड जुळवाजुळव केलेला, तो गेला की पीसी संपला. ऑफिसातून निघालेले जुने आय७ पीसीही आपल्याकडं खूप विकले जातात. चौथ्या पिढीच्या आय७ मध्ये एच.२६५ उलगडायची हार्डवेअर सोय नाही, आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून पुढंच चालतं. विंडोज १० ची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. ज्या मशीनवर लोकांची लग्नं ठेवायची, ते सुरक्षा अपडेट बंद झालेलं नको.

आता कार्ड. जीटी ७३० यादीतून काढून टाक. ते २०१४ सालचं आहे. त्याच्यावर '४ जीबी' लिहिलेलं असतं आणि ते बघूनच गिऱ्हाईक घेतं, पण मिक्सिंगमध्ये ते १२४०० च्या आतल्या ग्राफिक्सच्याही मागं पडतं. जीटी १०३० सुचवलं तरी नाही म्हण, त्यात एक्स्पोर्टसाठी लागणारा एनव्हेंक एन्कोडरच नाही. ६० हजारांत मॉनिटरसह कामाचं कार्ड बसत नाही, आणि मी ते ओढूनताणून बसवणारही नाही. एडियसमध्ये कट, टायटल, डिझॉल्व्ह, साधं कलर करेक्शन यांना कार्डाशिवाय अडत नाही. कीर्तनाच्या दोन तासांच्या सिंगल कॅमेरा फाइलला तर मुळीच नाही.

दाविंचीचं मात्र वेगळं आहे. ते जवळजवळ सगळं काम ग्राफिक्स कार्डाकडून करून घेतं. शिवाय विंडोजवर मोफत आवृत्तीत हार्डवेअर डिकोडिंगचा पूर्ण फायदा मिळत नाही, त्यासाठी स्टुडिओ आवृत्ती विकत घ्यावी लागते. तेव्हा पहिल्या सीझनचे पैसे हातात आले की कार्ड घे, तोवर दाविंची छोट्या फुल एचडी क्लिपवर शिक. घेताना मेमरी ८ जीबीच्या खाली नको, १२ मिळाली तर उत्तम. इंटेलचं आर्क बी५८० हे १२ जीबीचं कार्ड त्या वेळी आवर्जून बघ. त्याच्या आतही क्विक सिंक आहे. स्वस्तात मिळणारी सेकंडहँड कार्डं बऱ्याचदा मायनिंगमध्ये राबलेली असतात, त्यांच्यापासून लांब राहा. आणि कार्ड लावल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन आतलं ग्राफिक्स चालू ठेवायचं सेटिंग करून घे. पुष्कळ बोर्डांवर कार्ड लावलं की ते आपोआप बंद होतं आणि माणूस महिनोन् महिने क्विक सिंकशिवाय काम करत बसतो.

एच६१० बोर्डावर रॅमचे दोनच स्लॉट असतात. तुला बी६६० किंवा बी७६० पाहिजे, चार रॅम स्लॉट आणि एसएसडी लावायचे दोन एम.२ स्लॉट असलेला. कारण रॅम. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव इतके भडकलेत की सुरुवातीलाच ३२ जीबी घे म्हणायला मन धजत नाही. आज ८-८ च्या दोन पट्ट्या घे, भाव उतरले की उरलेल्या दोन स्लॉटमध्ये तशाच दोन टाक. १६ ची एक पट्टी नको. आतलं ग्राफिक्स मेमरी म्हणून रॅमच वापरतं, आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला दुप्पट रुंद वाट मिळते. ८ जीबीत मात्र काम सुरूच करू नकोस.

डिस्कचा हिशेब कागदावर मांड. सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट, म्हणजे तासाला ४५ जीबी. एका लग्नात दोन कॅमेरे चार-चार तास फोर-केमध्ये चालले तर ३६० जीबी झाले. तुझी २५६ ची एसएसडी एका लग्नालाही पुरत नाही, विंडोज तर बाजूलाच राहिलं. म्हणून विधींचं ट्रॅडिशनल शूटिंग फुल एचडीत ५० मेगाबिटवर कर आणि फोर-के फक्त हायलाइट, टीझर, प्री-वेडिंगला ठेव. आपल्याकडं घरच्यांना व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये टीव्हीवर बघायचा असतो, त्यांना फरक दिसत नाही. एसएसडी १ टीबी घे, अगदीच नाही जमलं तर ५०० जीबी. वेगाच्या आकड्यांवर पैसे घालू नकोस. चार कॅमेरे एकदम चालले तरी सेकंदाला ५० मेगाबाइट लागतात, आणि साटा या जुन्या जोडणीची साधी एसएसडीसुद्धा ५०० च्या पुढं देते. एम.२ स्लॉटमध्ये बसणारी साधी जेन ३ किंवा जेन ४ एनव्हीएमई एसएसडी भरपूर झाली. एकच पाळ, ती काठोकाठ भरू नकोस. शेवटची १५-२० टक्के जागा मोकळी राहिली नाही तर वेग एकदम बसतो.

तिच्यासोबत एक हार्डडिस्क. सीसीटीव्हीसाठीच्या डिस्क दुकानात सहज मिळतात, पण त्या सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेल्या असतात. साधी डेस्कटॉपची ७,२०० आरपीएमची माग. नवी म्हणून जुनी गळ्यात मारायचे प्रकार होतात. दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडून किती तास चाललीय ते बघ. आकडा शेकड्यांत दिसला तर परत कर.

ही डिस्क कशासाठी ते नीट ऐक. लग्न दुसऱ्यांदा लागत नाही. नवरीच्या आजीचा शेवटचा व्हिडिओ तुझ्या कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डात असू शकतो. म्हणून फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर उतरेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही, वरात रात्री दोनला संपली तरी नाही. दोन प्रती एसएसडीवर आणि हार्डडिस्कवर, आणि पेमेंट पूर्ण होऊन गिऱ्हाइकानं व्हिडिओ बघेपर्यंत तिसरी एका पोर्टेबल डिस्कवर घराबाहेर, चुलत्याच्या किंवा मित्राच्या घरी. कार्ड रीडर यूएसबी ३ चा घे. १२८ जीबीचं कार्ड सेकंदाला ९० मेगाबाइटच्या वेगानं २४ मिनिटांत उतरतं, यूएसबी २ वर तासभर जातो. थकलेला माणूस तासभर वाट बघत नाही आणि चुका तिथंच होतात. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर या मशीनवर नको. त्यातून व्हायरस आला तर जोडलेल्या सगळ्या डिस्क एकदम कुलूपबंद होतात.

आता वीज. पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत हा भाग नसतो, आणि मराठवाड्यात मशीन सगळ्यात जास्त याच्यामुळं मरतात. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की संध्याकाळी गावाकडं विजेचा दाब १७०-१८० व्होल्टपर्यंत उतरतो, आणि लाइट गेली-आली की एकदम उसळतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर '४५० वॉट' छापलेलं असतं, पण दाब पडला की तो पीसी रिस्टार्ट करतो, आणि जळताना बोर्ड, डिस्क सोबत घेऊन जातो. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), ५५० वॉट, नावाजलेल्या कंपनीचा घे. डबीवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं पाहिजे. असा एसएमपीएस पडलेल्या दाबातही तग धरतो आणि उद्याचं कार्डही त्याच्यावर चालतं.

यूपीएस पहिल्याच दिवशी. १२४०० जास्तीत जास्त ११७ वॉट खातो, मॉनिटर धरून सगळं मिळून २०० च्या आत राहतं. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो, म्हणजे प्रोजेक्ट सेव्ह करून मशीन बंद करायला पुरतो. कार्ड लावशील तेव्हा १,००० च्या पुढचा लागेल. घरातल्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो साइनवेव्ह आहे का बघ, चौकोनी वेव्हवाल्यावर पीसी लावू नकोस.

आणि अर्थिंग. पीसीच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही हे पक्कं समज. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळं अर्थिंगविना पत्र्यावर दाब येतो, आणि कॅमेरा किंवा कॅप्चर कार्ड जोडताना त्यांचे पोर्ट जातात. वायरमनला मीटर लावायला सांग. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवायला नको. आपली काळी जमीन एप्रिलमध्ये भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते आणि चांगली अर्थिंगही तेव्हाच कमजोर पडते. नेमकी लगीनसराईत. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घालत जा. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की प्लग काढ आणि इंटरनेटची वायरही काढ. वीज त्या वायरनंही आत येते.

उन्हाचंही तेच. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ सहज गाठतो आणि कामाचा ढीगही तेव्हाच असतो. पत्र्याच्या खोलीत पीसी असेल तर १२४०० सोबत आलेला पंखा पुरणार नाही, एक साधा टॉवर हीटसिंक लाव. पाण्याच्या कुलिंगची गरज नाही. कॅबिनेट काचेचं बंद तोंडाचं नको, समोर जाळी असलेलं घे, दोन पंखे पुढं, एक मागं. डेझर्ट कुलरचा झोत पीसीवर कधीच येऊ देऊ नकोस. ओली हवा आणि आपल्याकडची धूळ मिळून हीटसिंकच्या पट्ट्यांत चिखल बसतो. मोठे एक्स्पोर्ट रात्री लाव, तेव्हा खोलीही निवते आणि दाबही बरा असतो.

मॉनिटर २४ इंची आयपीएस, फुल एचडी. एसआरजीबी, म्हणजे किती रंग दाखवतो त्याचं माप, ९९ टक्क्यांच्या आसपास लिहिलेलं पाहिजे. काही डब्यांवर एनटीएससी या दुसऱ्या मापात ७२ टक्के लिहितात, ते साधारण तेवढंच. ४५ टक्केवाल्यावर हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल कधीच बरोबर दिसणार नाही. कीबोर्ड-माउस कुठलाही.

भाव दर आठवड्याला हलतात, म्हणून मी आकडे देत नाही, वाटणी सांगतो. प्रोसेसर आणि बोर्ड मिळून साधारण तिसरा हिस्सा. एसएमपीएस आणि यूपीएस मिळून सहावा हिस्सा, त्यातून एक रुपयाही कापायचा नाही. मॉनिटरलाही साधारण सहावाच. उरलेल्यात रॅम, डिस्क, कॅबिनेट. कमी पडलं तर आधी एसएसडी १ टीबीवरून ५०० वर आण, मग हार्डडिस्क लहान कर. पण डिस्क दोन राहिल्याच पाहिजेत.

लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या दुकानांत आधी भाव विचार. नांदेड-लातूरकडचे बरेच जण सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरला जातात, आपल्या भागातून ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा जवळ पडतं. फरक हजार-दोन हजारांचाच असेल तर जवळच्या दुकानातून घे. पार्ट बिघडला की वॉरंटीसाठी पळापळ दुकानदार करतो. जीएसटीचं पक्कं बिल घे, प्रत्येक पार्टच्या सीरियल नंबरसह.

पैसे देण्याआधी मशीन दुकानातच तपास. पेनड्राइव्हवर तुझ्या कॅमेऱ्याच्या दोन-तीन फोर-के क्लिप घेऊन जा. एडियसची ३० दिवसांची चाचणी आवृत्ती टाकायला सांग, क्लिप एकावर एक ठेव आणि टाइमलाइनवर मागंपुढं ओढ. त्याच वेळी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर जा. तिथं 'व्हिडिओ डिकोड' असा आलेख दिसेल. क्लिप चालताना तो वर चढला तर क्विक सिंक काम करतंय. तो तळाशीच पडून राहिला आणि प्रोसेसरचा आलेख शंभरला टेकला, तर बिलावर सही करू नकोस. आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकून घे, बायोस बघ, आणि प्रोसेसरचं नाव पुन्हा एकदा वाच.